अंगठ्याचं वेगळं बिऱ्हाड

फिंगरस्टाईल गिटार, म्हणजे सुट्या बोटांनी तारा छेडत वाजवायची गिटार, नीट वाजवणाऱ्या माणसाचं नुसतं ध्वनिमुद्रण ऐकलं तर निदान दोघं तरी वाजवत असावेत असं वाटतं. खाली जाड तारांवर एक लय अखंड चालू असते, वर गाण्याची चाल ऐकू येते, आणि मधल्या फटींतून कॉर्डचे, म्हणजे एकत्र धरलेल्या स्वरांच्या जुळणीचे, सुटे स्वर डोकावत राहतात. मग व्हिडिओ बघावा तर खुर्चीवर एकच माणूस, आणि त्याच्या हातात तारा छेडायची छोटी पट्टी, म्हणजे पिकसुद्धा नाही.

मी हे शिकायला घेतलं तेव्हा चाळिशी उलटली होती. गिटारशी ओळख होती ती चार कॉर्ड धरून स्ट्रमिंग करण्यापुरती, आणि ती ओळख इथे फारशी कामाची नाही हे लवकरच कळलं. स्ट्रमिंग करताना उजवा हात सगळ्या तारांवरून मनगटातून एकसंध खालीवर होतो. फिंगरस्टाईलमध्ये त्याच हाताच्या चार बोटांकडे चार कामं येतात, आणि त्यांतला अंगठा तर बाकीच्यांशी संबंध नसल्यागत आपल्या लयीत चालायला हवा. एकाच हातावर त्याचं वेगळं बिऱ्हाड थाटून द्यायचं, हाच या शिक्षणातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात चिवट भाग. म्हणून पुढे जे लिहिलंय ते बरंचसं अंगठ्याबद्दल आहे.

गिटारबद्दल थोडक्यात सांगते. माझ्याकडची गिटार मोठ्या पोटाची, ड्रेडनॉट आकाराची, स्टीलच्या तारांची. नवशिक्यांनी नायलॉनच्या तारांवरच सुरुवात करावी असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. तो मी मानला नाही, कारण मला जो आवाज आवडला होता तो स्टीलचाच होता. बोटं चार आठवडे कमी दुखावीत म्हणून न आवडणाऱ्या आवाजाचा सराव करणं मला पटत नाही. दोन गोष्टी मात्र बघून घ्याव्यात. एक म्हणजे नटची, मानेच्या टोकाशी जिच्या खाचांतून तारा जातात त्या पट्टीची, रुंदी. स्टीलच्या बऱ्याच गिटारींत ती ४३ मिलिमीटर असते, फिंगरस्टाईल डोळ्यांसमोर ठेवून केलेल्यांत ४४.५ च्या आसपास, आणि क्लासिकल गिटारीत ५२. दीड मिलिमीटरनं काय होतंय, असं दुकानात वाटतं. पण सी कॉर्ड धरल्यावर शेजारच्या तारेला बोट लागतंय की नाही ते त्या दीड मिलिमीटरवर ठरू शकतं. दुसरी गोष्ट ॲक्शन, म्हणजे फ्रेटबोर्डपासून, मानेवरच्या ज्या पट्टीवर बोटं दाबायची तिच्यापासून, तारांची उंची. माझ्या गिटारीच्या सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेची उंची बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे त्या पट्टीवरच्या धातूच्या आडव्या दांड्या) तीन मिलिमीटरच्या वर होती. कारागिरानं सॅडल, म्हणजे पोटाच्या बाजूला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, खालून घासून ती अडीचच्या आत आणली आणि ०.०१२ इंचांच्या ऐवजी ०.०११ पासून सुरू होणारा तारांचा संच चढवला. तीच गिटार, तीच मी, पण डाव्या हाताचा अर्धा त्रास तिथेच संपला. नवशिक्याला जो त्रास आपल्या बोटांचा वाटतो तो पुष्कळदा वाद्याचा असतो.

आता उजवा हात. सर्वांत जाड तार सहावी, गिटार मांडीवर धरली की ती सगळ्यात वर येते; सर्वांत बारीक पहिली, ती सगळ्यात खाली. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये जाडीकडून सुरुवात केली तर ई, ए, डी, जी, बी, ई. सहाव्या तारेचा ई साधारण ८२ हर्ट्झचा आणि पहिल्या तारेचा ३३० च्या जवळ, म्हणजे बरोबर दोन सप्तकं वरचा. अंगठ्याकडे सहावी, पाचवी आणि चौथी. तिसरी तर्जनीकडे, दुसरी मधल्या बोटाकडे, पहिली अनामिकेकडे. करंगळीला काम नाही. काही वादक ती साउंडहोलच्या, म्हणजे पोटावरच्या गोल भोकाच्या, खाली लाकडावर टेकवून ठेवतात. क्लासिकलवाल्यांना ते अजिबात चालत नाही. मी दोन्ही करून पाहिलं. टेकवली की हात स्थिर वाटतो, पण अनामिकेची हालचाल आखडते, कारण ही दोन बोटं आतून एकमेकांना बांधलेली असतात. मी टेकवणं सोडलं.

माझे सर माझ्यापेक्षा वयानं बरेच लहान. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना सर म्हणते, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. सुरुवातीला त्यांनी डाव्या हाताला सुट्टीच देऊन टाकली. "ताई, डावा हात मांडीवर ठेवा. कॉर्ड नको, काही नको. मोकळ्या तारा." मग अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, आणि परत. पाहणाऱ्याला वाटेल यात शिकण्यासारखं काय आहे. पण अंगठा तळहाताच्या आत शिरत होता आणि तर्जनीच्या आड येत होता. तो इतर बोटांच्या पुढे, गिटारीच्या मानेच्या दिशेनं राहायला हवा, म्हणजे तो खाली येताना आणि तर्जनी वर जाताना टक्कर होत नाही. बोटं टोकाच्या सांध्यातून आकडा करून तार ओढतात, ती मुळाच्या सांध्यातून हलायला हवीत. तार बाहेरच्या बाजूला उचलली गेली की फ्रेटवर आपटून खणखणते. ती हलकेच आत दाबून सोडली की गोल आवाज येतो. शिवाय वाजवायच्या आधी बोट तारेवर येऊन बसलेलं असलं पाहिजे. हवेतून झेप घेतलेलं बोट दर वेळी वेगळ्या जागी पडतं आणि दर वेळी वेगळा आवाज काढतं.

डाव्या हाताला सुट्टी देण्याची ही युक्ती जुनी आहे, हे मला नंतर समजलं. मावरो ज्युलियानी या इटालियन गिटारवादकानं १८१२ मध्ये व्हिएन्नात उजव्या हातासाठी १२० अभ्यास प्रसिद्ध केले. त्या सगळ्यांत डावा हात सी आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डमध्ये फिरतो. बदलतो तो फक्त उजवा. क्लासिकल शिकणारे आजही ते वाजवतात. मी सुरुवातीचे काहीच केले, पण स्टीलच्या गिटारीवरही ते तितकेच उपयोगी पडतात.

हे झालं आर्पेजिओपर्यंत, म्हणजे बोटं एकामागून एक. तिथवर सगळं सुरळीत होतं आणि मला जरा चढलंही होतं. मग आला अल्टरनेटिंग बेस.

यात अंगठा चार मात्रांच्या प्रत्येक मात्रेवर वाजतो आणि दोन तारांमध्ये आलटून पालटून जातो. सी कॉर्ड धरला असेल तर पाचवी, चौथी, पाचवी, चौथी. जी असेल तर सहावी, चौथी. ए मायनर पुन्हा पाचवी, चौथी. डी कॉर्डमध्ये मूळ स्वरच चौथ्या तारेवर, म्हणून अंगठा चौथी, तिसरी असा खाली उतरतो आणि तर्जनीच्या घरात घुसतो. तर्जनी गोंधळून दुसऱ्या तारेवर सरकते आणि पुढचं सगळंच एकेक घर हलतं. तो गोंधळ निस्तरायला मला फार वेळ लागला. नुसता अंगठा मात्र कुणालाही जमतो. खरी गोष्ट सुरू होते ती त्यावर एखादं बोट वाजवायचं म्हटल्यावर.

बोट दोनच ठिकाणी पडू शकतं: अंगठ्याच्या बरोबर, किंवा अंगठ्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये. ऐकायला कितीही गुंतागुंतीचा वाटला तरी सुरुवातीच्या पातळीवरचा प्रत्येक पॅटर्न या दोन जागांच्या जुळणीतून होतो. बरोबर वाजवणं सोपं. अंगठा आणि बोट चिमटीत धरल्यागत एकदम तारा सोडतात, त्याला पिंचच म्हणतात. मध्ये वाजवणं अवघड. दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेच्या मधोमध मधल्या बोटानं दुसरी तार छेडली रे छेडली, की अंगठा थांबायचा. थांबला नाही तर बोटाबरोबर धावायचा आणि लय लंगडी व्हायची. डोक्याला पॅटर्न पाठ होता, तोंडानं म्हणता येत होता. हाताला ते मान्य नव्हतं.

सरांचं म्हणणं असं की दोन्ही एकत्र बसवायच्या मागे लागूच नये. अंगठा आधी इतका चालवावा की त्याच्याकडे लक्ष द्यायची गरजच उरणार नाही, आणि मग बोटं त्याच्यावर सोडावीत. लक्ष उडालंय हे ओळखायचं कसं? बोलून बघायचं. म्हणून अंगठा सी कॉर्डवर सुरू ठेवून मी समोरच्या वर्तमानपत्रातली बातमी मोठ्यानं वाचायला लागले. सुरुवातीला मी मात्रांवरच वाचत होते, प्रत्येक ठोक्याला एक शब्द. मुलगा बाजूला बसून हे ऐकत होता. तो म्हणाला, "आई, स्वल्पविराम आला की तुझा अंगठा पण थांबतो." आणि खरंच थांबत होता. ज्या दिवशी मी त्याच्याशी त्याच्या परीक्षेवरून वाद घालत असताना अंगठा चालू राहिला, त्या दिवशी पुढचा धडा मिळाला.

तिथून पुढे एका वेळी एकच बोट. आधी पहिल्या मात्रेवर पिंच आणि बाकी नुसता अंगठा. मग पिंच आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये एक स्वर. मग तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये आणखी एक. मेट्रोनोम मी मोठ्या थाटात मिनिटाला ८० ठोक्यांवर लावला होता, तो ६० वर आणला, शेवटी ४८ वर. इतक्या विलंबित लयीत एक वेगळीच अडचण येते. दोन ठोक्यांमधलं अंतर एवढं लांबतं की मधला स्वर नेमका कुठे पडायला हवा हे हाताला कळत नाही, मनातच दुगुन मोजावी लागते. पण तीच दुगुन पुढे वेग वाढवल्यावर उपयोगी पडली. जलद लयीत आपण मधल्या स्वराची जागा सवयीनं ढकलून नेतो. संथ लयीत ती जागा माहीत असावी लागते.

हे बसलं तो क्षण नाट्यपूर्ण वगैरे नव्हता. एका संध्याकाळी वाजवताना लक्षात आलं की मी अंगठ्याकडे बघत नाहीये आणि तो चाललाय. लक्षात आलं म्हणून बघितलं, तर थांबला. दुसऱ्या दिवशी जरा जास्त वेळ चालला. असं पुढेमागे होत राहिलं आणि कधीतरी ते थांबणं बंद झालं. नक्की केव्हा ते सांगता येणार नाही.

या शैलीला ट्रॅव्हिस पिकिंग म्हणतात, ते अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मर्ल ट्रॅव्हिस या वादकावरून. हा १९१७ साली जन्मला. त्याच्या मुलुखात आधीपासून असं वाजवणारे होते, त्यांच्याकडून तो शिकला. गंमत अशी की स्वतः ट्रॅव्हिस वाजवायचा फक्त अंगठा आणि तर्जनीनं. पुढे नावाजलेल्या चेट ॲटकिन्स या अमेरिकन गिटारवादकानं किशोरवयात त्याला रेडिओवर ऐकलं. दिसत काही नव्हतं, आणि एवढं सगळं एका बोटात होत असेल असं त्याच्या मनातही आलं नाही, म्हणून त्यानं अंगठ्याबरोबर जास्त बोटं वापरून आपली पद्धत बसवली. आज बहुतेक ठिकाणी शिकवतात ती या दुसऱ्या पद्धतीच्या जवळची आहे.

मला मात्र सगळ्यात आपली वाटली ती एलिझाबेथ कॉटन ही अमेरिकन वादक. ती डावखुरी. उजव्या हातासाठी तारा लावलेली गिटार तिनं तारा न बदलता तशीच उलटी धरली. त्यामुळे जाड तारा खाली आल्या आणि बारीक वर, आणि सगळंच फिरलं: खालची लय ती बोटांनी वाजवायची आणि चाल अंगठ्यानं. मधली कित्येक वर्षं तिनं गिटार सोडलेलीच होती. साठी उलटल्यावर, १९५८ मध्ये, तिची पहिली ध्वनिमुद्रिका आली. तिचं वाजवणं ऐकल्यावर कुठल्या बोटाला कुठली तार यावरून चालणारे वाद मी मनावर घेणं सोडलं. अंगठ्याची लय ऐकायची असेल तर मिसिसिपी जॉन हर्ट हा जुना अमेरिकन वादक ऐकावा. त्याची जुनी मुद्रणं १९२८ ची. मग तो विस्मरणात गेला, आणि १९६३ मध्ये लोकांनी त्याला पुन्हा शोधून काढलं. त्याच्या वाजवण्यात घाई कशी ती नाहीच, आणि नवशिक्याला प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. मी रोज सरावाआधी त्याचं काहीतरी ऐकायचे, गिटार हातात न घेता, नुसता मांडीवर अंगठा धरून.

डाव्या हाताची कहाणी सगळ्यांची सारखीच असते, म्हणून ती फार लांबवत नाही. बोटांची टोकं दुखतात, काही आठवड्यांत कातडी घट्ट होते, मग दुखत नाहीत. स्ट्रमिंग करणाऱ्यांसाठी यात एक धक्का असतो, तेवढा सांगते. स्ट्रमिंगमध्ये सहा तारांपैकी एखादी मुकी राहिली तर कुणाच्या कानी येत नाही. इथे प्रत्येक तार सुटी वाजते, त्यामुळे मुकी तार लगेच उघडी पडते. वर्षानुवर्षं मी जो सी कॉर्ड धरत होते त्यात पहिली तार वाजतच नव्हती. तर्जनीचा मांसल भाग तिला टेकत होता. बोटं उभी धरावी लागली, डावा अंगठा मानेच्या मागे खाली आणावा लागला. दुसरं म्हणजे कॉर्ड बदलताना सगळी बोटं एकदम पोचायची गरज नसते. पहिल्या मात्रेला अंगठा ज्या तारेवर येणार, त्या तारेवरचं बोट आधी पोचलं की पुरे. बाकीच्यांना अर्धी मात्रा उसनी मिळते. सी वरून जी वर जाताना सहाव्या तारेवरचं बोट आधी. या एका गोष्टीनं माझे बदल जितके सुधारले तितके वेग वाढवण्याच्या कुठल्याही व्यायामानं सुधारले नाहीत. एफ चा पूर्ण बार कॉर्ड, ज्यात एकाच बोटानं सहाही तारा आडव्या दाबाव्या लागतात, मी अजून टाळते. पहिल्या चार, बारीक बाजूच्या तारांवरचा छोटा एफ धरते. सरांना ते दिसतं, ते काही बोलत नाहीत.

नखांवर मात्र बोलावं लागेल, कारण हा विषय निघाला की गिटारवाले लोक तावातावानं बोलतात. नखानं वाजवलं की आवाज स्वच्छ आणि मोठा, नुसत्या कातडीनं वाजवलं की मऊ आणि दबका. मधला मार्ग म्हणजे नख बोटाच्या टोकापुढे एखाद मिलिमीटर ठेवायचं, म्हणजे तार आधी कातडीला लागते आणि नखावरून सुटते. आकार बोटाच्या टोकाच्या गोलाईनं द्यायचा आणि कड अगदी गुळगुळीत करायची. खरखरीत कड तारेवर किरकिरते. हे सगळं मी मन लावून केलं. स्टीलच्या तारांनी आणि घरकामानं नखांचा निकाल लावला. एक तुटलं की त्या बोटाचा आवाज बाकीच्यांपेक्षा वेगळा, म्हणून बाकीची कापायची, मग सगळी वाढेपर्यंत वाट बघायची. अंगठ्यासाठी थंबपिक घालून पाहिलं. त्यानं खालचे स्वर खणखणीत येतात खरे, पण मला अंगठा आपला राहिलाच नाही असं वाटलं. सध्या मी कातडीनंच वाजवते. आवाज जरा लहान आहे. मला सभागृह भरायचं नाहीये.

आणि मग ती गोष्ट, जिच्याबद्दल शिकायच्या आधी कुणी बोललं नव्हतं.

पॅटर्न हातात बसल्यावर सरांनी एक सोपी, सगळ्यांच्या तोंडी असलेली चाल टॅबमध्ये लिहून दिली. टॅबमध्ये सहा आडव्या रेषा असतात, प्रत्येक रेषा म्हणजे एक तार, आणि रेषेवरचा आकडा म्हणजे फ्रेट. सगळ्यात वरची रेषा सर्वांत बारीक तारेची, म्हणजे मांडीवरच्या गिटारीच्या उलट. त्याची सवय व्हायला थोडा वेळ जातो. मी ते टॅब आकड्यानुसार तंतोतंत बसवलं. लय बरोबर, स्वर बरोबर, अंगठा सुरळीत. घरच्यांना वाजवून दाखवलं आणि विचारलं, ओळखा बघू. कुणालाही ओळखता आलं नाही. मुलगा म्हणाला, "छान आहे, पण गाणं कधी सुरू होणार?"

टॅब सांगतं बोट कुठे ठेवायचं. त्या सगळ्या आकड्यांतले गाण्याचे कुठले आणि भरतीचे कुठले हे सांगत नाही. मी सगळे स्वर सारख्याच जोरानं वाजवत होते, आणि एवढे सारखे स्वर कानावर आले की ऐकणाऱ्याला चाल सापडत नाही. फोनवर मुद्रण करून ऐकलं तेव्हा मलाही सापडेना. वाजवताना ती मला ऐकू येत होती, कारण ती माझ्या डोक्यात आधीच चालू होती.

यावर जे केलं ते असं. टॅबवर लाल पेनानं फक्त चालीचे स्वर गोल केले. मग गिटारीवर फक्त तेवढेच वाजवले, अंगठा बंद ठेवून, म्हणत म्हणत. म्हटल्यावर कळलं की कुठल्या स्वरावर जोर हवा, कुठे श्वास घ्यावा लागतो. मग अंगठा परत आणला, पण उजव्या तळहाताची खालची कड ब्रिजच्या, म्हणजे पोटावर तारा जिथे बांधलेल्या असतात त्या लाकडाच्या, अगदी जवळ जाड तारांवर हलकेच टेकवून. याला पाम म्यूट म्हणतात. त्यानं खालचे स्वर ठक ठक असे आखूड आणि दबके होतात आणि वरच्या तारा मोकळ्या घुमत राहतात. कड दोन मिलिमीटर पुढे सरकली तर स्वर मरतो, मागे सरकली तर काहीच होत नाही. ती जागा शोधत बसावं लागतं. पाम म्यूट न करताही हे साधायला हवं असं सरांचं म्हणणं, म्हणून आणखी एक व्यायाम: सी कॉर्डवर नुसते पिंच, पण अंगठा जेमतेम ऐकू येईल इतका आणि अनामिका जोरात. मग उलट. मग दोन्ही सारखे. दोन बोटं एकाच क्षणी तार सोडतात आणि त्यांच्या जोरात फरक ठेवायचा, हे ऐकायला क्षुल्लक आहे. वाजवणाऱ्या बोटांत अंगठा सगळ्यात दणकट आणि अनामिका दुबळी, आणि काम नेमकं उलटं हवं असतं.

इथे मला पहिल्यांदा अंगठ्याच्या त्या सगळ्या उपद्व्यापाचं कारण समजलं. तो आपोआप चालायला हवा तो दुसऱ्या बोटांना मोकळीक म्हणून, हे तर आहेच. पण लक्ष चालीकडे राहावं, हे त्याहून मोठं. अंगठ्यावर लक्ष असेपर्यंत जोर अंगठ्यावरच पडतो. लक्ष जिथे, आवाज तिथे. हा माझ्यापुरता तरी अनुभव आहे.

गिटारच्या स्वराचं आणखी एक लक्षात आलं. तार छेडल्या क्षणी स्वर सगळ्यात मोठा असतो आणि लगेच विरायला लागतो. गळा किंवा बासरी स्वर धरून ठेवू शकतात, वाढवू शकतात. गिटारीला ते येत नाही. चालीत चार मात्रांचा लांब स्वर असेल तर दोन मात्रांतच त्याचा जीव जातो. मधल्या फटींत येणारे ते सुटे स्वर आणि खालची न थांबणारी लय, यांनी ती पोकळी भरून निघते आणि कानाला वाटतं की लांब स्वर अजून चालू आहे. हे कळल्यावर मी मधले स्वर आणखी हळू वाजवायला लागले. ते ऐकू यायची गरज नाही, ते नसले तर चुकल्यासारखं वाटलं पाहिजे एवढंच.

पुढच्या वेळी घरी वाजवलं तेव्हा मुलगा दुसऱ्या खोलीतून गुणगुणायला लागला. तो काय करतोय हे त्याच्या ध्यानातही नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही.

रोजचा सराव मी दोन तुकड्यांत करते, सकाळी थोडा आणि रात्री थोडा; सलग तासभर बसलं की शेवटची वीस मिनिटं हात चुकाच पक्क्या करत असतो. नवीन काही बसवताना दोन मापांच्या, म्हणजे चार-चार मात्रांच्या दोन गटांच्या, पुढे जात नाही. दोन मापं आणि तिसऱ्या मापाचा पहिला स्वर, कारण अडखळण्याची जागा नेहमी सांध्यात असते. मधे काही आठवडे असेही गेले की काहीच पुढे सरकलं नाही. त्या काळात मी तारा बदलायला शिकले आणि गिटार पुसत बसले.

सध्या सरांनी ड्रॉप डी लावायला सांगितलंय. सहावी तार ई वरून एक पूर्ण स्वर उतरवून डी ला आणायची, म्हणजे ८२ वरून ७३ हर्ट्झपर्यंत. त्यानं डी कॉर्डमधली माझी जुनी कटकट मिटली; अंगठ्याला आता सहावी आणि चौथी मिळतात, दोन्ही मोकळ्या, दोन्ही डी, आणि तर्जनीचं घर तर्जनीकडे राहतं. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा गिटारचं पोट छातीला लागून घुमलं आणि मी बराच वेळ तो एकच कॉर्ड वाजवत बसले. पण सहावी तार उतरल्यामुळे जी कॉर्डचा खालचा जी तिसऱ्या फ्रेटवरून पाचव्यावर गेलाय. तिथपर्यंत माझी करंगळी पोचते, पण पोचली की आडवी पडते आणि तिच्या पोटाखाली पाचवी आणि चौथी तार मुकी होते. पाचवी मुकी चालेल, तिला तिथे कामच नाही. चौथी मोकळी हवी, कारण दुसऱ्या मात्रेला अंगठा तिच्यावरच येणार. सर म्हणतात मनगट थोडं बाहेर काढा. बाहेर काढलं की चौथी वाजते आणि पहिल्या तारेवरचं बोट सुटतं.